बाईंच्या चाली आणि धाकटा ड्राइव्ह

बाई, तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं त्याच्या पुढे मी आता आलोय, हे परवा दाढी करता करता एकदम लक्षात आलं. म्हणजे खरं तर आता तुम्हीच मला अहोजाहो करायला हवं. पण तुम्ही समोर असतात तर चष्म्याच्या वरून बघून म्हणाला असतात, "आधी पाठ सरळ कर, मग मोठा हो." मी आरशासमोर पाठ सरळ केलीसुद्धा. घरात कुणी बघत नव्हतं.

कुंडलच्या शाळेतला चौथीचा वर्ग मला अजून दिसतो, आणि तो दिसतो तेव्हा नेहमी दुपारच असते. बाहेर उसाच्या गाड्या चालल्यात, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आत येतोय, आणि तुम्ही टेबलावर डस्टर आपटून भुजंगप्रयाताची चाल धरताय. डस्टरमधून खडूची धूळ उडते, उन्हाच्या पट्ट्यात तरंगते, आणि मला वाटतं की ती धूळसुद्धा वृत्तात उडते आहे. वर्गात तुम्ही आम्हाला पुस्तकासारखं बोलायला लावायचात, 'हाय' म्हटलं की 'आहे' म्हणवून घ्यायचात. पण राग आला की तुमची स्वतःची भाषा घरच्या वळणावर जायची. माझी पाळी आली तेव्हा मी खिडकीबाहेर बघत कविता म्हणत होतो. तुम्ही डस्टर थांबवलंत. "कविता खिडकीत न्हाई रं, तोंडात हाय. हिकडं बघ आन् म्हण." सगळा वर्ग हसला. मी तुमच्याकडे बघून म्हटली, आणि त्या दिवसापासून कविता म्हटली की मला तुमचाच चेहरा दिसतो, कवी कुणीही असो. ओवी, साकी, दिंडी, प्रत्येकीची चाल तुमच्याकडे वेगळी होती. तुमच्या ट्रेनिंग कॉलेजातल्या बाईंनी तुम्हाला दिलेली, आणि त्यांना आणखी कुणी दिलेली. कागदावर ती कुठेच नव्हती.

नव्व्याण्णव साल असेल. तुम्ही निवृत्त होऊन मलकापूरला राहत होतात, मी माधवनगरला गिरणीच्या कचेरीत. कचेरीत संगणक आले तसा मला त्यांचा नाद लागला आणि मी घरीही एक आणून ठेवला होता. बायको त्याला 'माझी सवत' म्हणायची. अशा दिवसांत तुम्ही पॅसेंजरने उतरलात, हातात कापडी पिशवी, गळ्याला मफलर. मिरजेच्या डॉक्टरांनी घशात गाठ सांगितली होती. साधी आहे, काढावी लागेल, बोलता येईल, पण गाता येईल याची खात्री नाही. हे सगळं तुम्ही चहा पिता पिता सांगितलंत, जणू वर्गाची पटसंख्या सांगताय. दसरा झाला की ऑपरेशन ठरलं होतं, आणि मिरज जवळ म्हणून तोवर तुम्ही आमच्याकडेच राहायचं असं बायकोने तुम्हाला न विचारता ठरवून टाकलं.

"गाण्याचं मला कायबी न्हाई," तुम्ही म्हणालात. "चालींचं वाटतं. आता पोरं कविता वाचत्यात, म्हणत न्हाईत. माझ्यासंगं चाली बी कापल्या जातील."

मी संगणकाच्या मागे मायक्रोफोन जोडला. तुम्ही त्याच्याकडे नवीन इन्स्पेक्टर वर्गात आल्यासारखं बघितलंत. रोज दुपारी, गल्ली झोपली की तुम्ही म्हणायचात आणि मी भरून घ्यायचो. पहिलीच्या कवितांपासून सुरुवात केली. निम्म्या झाल्या नसतील तोच संगणकाचं पोट भरलं. तेव्हाच्या संगणकाचं पोट ते केवढं, तुमचा आवाज त्यात मावेना. भरलेलं कुठेतरी बाहेर काढून ठेवल्याशिवाय पुढचं भरता येत नव्हतं. आमच्या संगणकाला सीडी वाचायचा एक ड्राइव्ह होता, पण त्याला फक्त वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. लिहिणारा हवा होता. माझा फौजेतला मेहुणा पुण्याहून येणार होता, त्याला निरोप धाडला आणि तो खोक्यात थर्माकोलमध्ये बसवलेला तो ड्राइव्ह मांडीवर घेऊन सबंध रस्ता आला.

जुना काढून त्या जागी नवा बसवला असता तरी चाललं असतं. पण मला दोन्ही हवे होते. नव्याने लिहायचं, जुन्याने वाचून बघायचं, नीट उतरलं असेल तरच संगणकातलं पुसायचं. शिवाय पुढे एकीवरून दुसरी सीडी करता आली असती, आणि तुम्हाला तर त्या शाळाशाळांत द्यायच्या होत्या. मी हे समजावून सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हंजे एकानं शुद्धलेखन लिवायचं आन् दुसऱ्यानं तपासायचं." इतकं नीट मला कचेरीतल्या कुणालाही सांगता आलं नव्हतं.

संगणकाच्या पेटीचं झाकण काढलं, जुन्याच्या खालच्या रिकाम्या खणाचं प्लास्टिक ढकलून पाडलं, नवा आत सरकवला, चार बाजूंनी स्क्रू आवळले. तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसला होतात. दोघांना मिळून एकच चपटी वायर होती, पट्ट्यासारखी. चालू केलं तर संगणकाला जुनाही दिसेना आणि नवाही. मग मला आठवलं. एका पट्ट्यावर दोन असले की एकाला मास्टर करायचं, दुसऱ्याला स्लेव्ह. मागच्या पिनांवर तांदळाएवढी काळी टोपी असते, ती कुठे बसते त्यावर ते ठरतं. मी दोघांनाही मास्टर करून ठेवलं होतं.

"मास्टर म्हंजे?"

"मालक."

"आन् दुसरा?"

मी जरा घुटमळलो. "गुलाम. बाई, नुसती नावं आहेत ती. काम दोघांचं सारखंच."

तुम्ही त्या टोपीकडे बघत राहिलात. "नावंच असत्यात रं सगळी. आमच्या लोकांनी लय पिढ्या नावातच काढल्या." आवाजात राग नव्हता; फळ्यावरची चूक दाखवताना असायचा तसाच साधा होता. मग म्हणालात, "थोरला आन् धाकटा म्हण. एका घरात तेवढं चालतंय." मी चिमट्याने टोपी हलवली. चालू केल्यावर दोघेही दिसले. थोरला वर, धाकटा खाली. आमच्या घरात पुढे त्यांना दुसरं नाव कुणी घेतलंच नाही.

त्याच दिवशी खंडेनवमी होती, हे मात्र मी विसरलो होतो. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात बायकोने विळी, कात्री, शिलाई मशीन, माझी स्कूटर, माझा स्क्रूड्रायव्हर, सगळ्यांची पूजा उरकली आणि मग ती संगणकाकडे वळली. नव्या पाहुण्याला वेगळा मान हवा. तिने धाकट्याचं बटण दाबलं. सीडी ठेवायचा ट्रे बाहेर आला, हात पुढे केल्यासारखा. तिने त्या तळहातावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वर अक्षता टाकल्या, आणि आपण एखाद्याला ओंजळ मिटायला लावतो तसा तो हलकेच आत ढकलला.

दुपारी मी कोरी सीडी घातली. आतून विळीवर काहीतरी घासल्यासारखा आवाज आला, आणि लिहिता लिहिता मध्येच थांबलं. दुसरी घातली, तीही वाया. तिसरी बाहेर आली तेव्हा तिच्या चकाकत्या पाठीवर लाल वर्तुळं उमटली होती, हळदीकुंकवाच्या करंड्यासारखी. मी बायकोकडे बघितलं. ती तुमच्याकडे.

"मी बघत हुते," तुम्ही शांतपणे म्हणालात. "मला वाटलं मशीनला चालत असंल. पानसुपारी ठिवतीया का काय, तेवढंच बघायचं ऱ्हायलं हुतं."

"आवं बाई, मग बोलायचं न्हाई व्हय?"

"तुझ्या देवघरात मी कशाला बोलू, पोरी?"

तिघंही हसलो, आणि मग मी दिवस मोजले. दुकानं दोन दिवस बंद. ऑपरेशन परवावर. निम्म्या कविता तुमच्या गळ्यात आणि निम्म्या त्या भरलेल्या पोटात. जुन्या पुसून जागा करू म्हटलं तर तुम्ही हात वर केलात. "पयलीच्या पोरांना काढून चौथीच्या पोरांना बसवायचं? हे मी करणार न्हाई." मी पुन्हा पेटी उघडली, धाकट्याला बाहेर काढून त्याचं झाकण खोललं. आत मसुराच्या डाळीएवढं भिंग, त्यावर लाल धुरळा. माझी बोटं जाड. बायको देवघरात गेली, कापूस घेऊन आली आणि दारात बसून तिने फुलवात वळली, निरांजनात घालते तशी, टोकाला अगदी बारीक. ते टोक स्पिरिटमध्ये बुडवलं आणि श्वास धरून भिंगावरून फिरवलं. एक वात लाल झाली की दुसरी. तुम्ही बॅटरी धरली होतीत. खोलीत स्पिरिटचा आणि धुपाचा मिळून एक वास होता, दवाखाना आणि देऊळ यांच्यामधला, तो मला अजून कधीतरी उगाच येतो.

मग सीडी लिहिली गेली. लिहीत असताना कुणी मिक्सर लावायचा नाही, कुणी टेबलाला हात लावायचा नाही; जरा अडथळा आला की सीडी वाया. बायकोने पोळ्या भाजायच्या थांबवल्या आणि आम्ही तिघं धाकट्याच्या हिरव्या दिव्याकडे बघत बसलो. सीडी थोरल्यात घातली आणि पहिलीच्या वर्गाची कविता तुमच्या आवाजात खोलीभर झाली. तुम्ही मान हलवलीत. मग मी संगणकातलं पुसलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी पांढरं पातळ नेसून तुम्ही सांगलीच्या बुद्धविहारात जाऊन आलात, बायकोने दिलेली आपट्याची पानंही पिशवीत ठेवलीत, आणि दुपारभर म्हणत राहिलात. शेवटची मोठी कविता ओवीतली. निम्म्यात आवाज चिरकला, खोकला आला, पाणी पिऊन तुम्ही त्याच ओळीपासून पुन्हा धरलंत. मी म्हटलं, खोकला काढून टाकतो. "ऱ्हाऊ दे. ऐकणाऱ्याला कळू दे, पोरगी आजारी हुती तरी साळंला आली हुती."

ऑपरेशन चांगलं झालं. त्यानंतर डॉक्टरांनी बोलायला बंदी घातली तेव्हा तुम्ही पाटी मागितलीत. पाटीवर 'चहात साखर कमी' यायचं, 'सून जेवली का' यायचं; माझ्या बायकोला तुम्ही सूनच म्हणायचात. एकदा मी तुमचीच सीडी लावली. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि पाटीवर लिहिलंत: 'इथे घाई झाली.' दुसऱ्या कुणाचं काम तपासावं तसं. दु:ख मी शोधत होतो तुमच्या चेहऱ्यावर. ते सापडलं नाही. तुम्ही पाटी पुसून पुढची कविता लाव अशी खूण केलीत.

आवाज परत आला तो खालच्या पट्टीतला, घोगरा, मध्येच हवा सुटल्यासारखा. गाणं गेलं ते गेलं. पण धाकटा त्या हिवाळ्यात सारखा राबत होता, आणि तुम्ही पिशवीत सीड्या घालून ज्या ज्या शाळेत संगणक आला असेल तिथे जायचात. कुंडलला मी तुमच्यासोबत होतो. संगणकातून तुमचा जुना आवाज गातोय, तुम्ही टेबलावर डस्टर आपटताय, पोरं मागे पडतायत, आणि तुम्ही त्या घोगऱ्या आवाजात म्हणताय, "ही बाई कुणासाठी थांबत न्हाई, तुमीच पळा." पोरं खिदळली आणि पळाली. मागच्या बाकावर टेकून मी उभा होतो आणि त्या वेळेला मला वाटलं की आयुष्यात आपल्याला एवढं सगळं मिळालं, आता तक्रार कशाची करायची.

त्यानंतरची वर्षं तुम्ही रविवारी सकाळी मलकापूरहून फोन करायचात. नाव सांगायचात नाही. नुसतं, "च्या झाला का रं? सून काय करतीया?" एवढंच, आणि मग तुमच्याकडच्या पेरूच्या झाडाचं काहीतरी. आता हे पत्र लिहून झालं की मी ते घडी घालून टेबलाच्या खणात सरकवणार आहे. तुमच्या चाली शाबूत आहेत. माझ्या मुलाने त्या इंटरनेटवर टाकल्यात, लोक फोनवर ऐकतात, एकीने तर मला कळवलं की तिची मुलगी त्या चालीवर पाढे म्हणते. सगळं वाचलं, बाई. फक्त एक सांगायचं राहतं. तुमची आठवण आली की मी त्या लावत नाही. लावल्या की कुणीतरी फार सुरेल बाई गायला लागतात, आणि मी वाट बघत असतो त्या घोगऱ्या आवाजाची, जो भरून ठेवावा असं तेव्हा आपल्या तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही.