सहाशे बारा वाक्यं

५ जानेवारी, रविवार

उमेळ्याला पास्कलकडे आम्हा संगणकवेड्यांची बैठक. आम्ही तिघंच उरलो आहोत: पास्कल, आचोळ्याचा शिरीष आणि मी. दर रविवारी दहा ते एक. पूर्वी सात जण यायचे.

शि.ने नवीन रेकॉर्डर आणलाय, काडेपेटीएवढा. अर्धा तास त्याचंच कौतुक. मग नेहमीचा वाद. शि. म्हणाला, "मॅडम, क्लाऊडवर एकदा गेलं की गेलं. तुमचं घर बुडेल, फाइल नाही बुडणार." पास्कल म्हणाला, "माझं चाळीस वर्षांपूर्वीचं मशीन अजून चालतं. तुझा क्लाऊड चाळीस वर्षांनी कुठे असेल ते सांग." एवढं बोलायला त्याला दोनदा थांबावं लागलं. आवाज पार बसलाय. फुसफुसल्यासारखं ऐकू येतं.

मंगळवारी, १४ला, ऑपरेशन. स्वरयंत्र पूर्ण काढणार. डॉक्टरांनी दुसरा मार्ग ठेवलेला नाही.

ठरलं ते असं: तोवर पा.ची होतील तेवढी वाक्यं रेकॉर्ड करायची. त्यावरून शि. असा प्रोग्राम करणार की पा.ने फोनवर टाइप केलं की फोन त्याच्या आवाजात बोलेल. रेकॉर्डिंग माझ्याकडे. शि. नोकरी करतो, त्याला सवड नाही. मी रिटायर आहे आणि शिस्तीची आहे. हे दुसरं पा.चं म्हणणं. मला तो मास्तरीणबाई म्हणतो. आयुष्यात एक दिवस शिकवलं नाही, विमा ऑफिसात संगणक विभागात होते.

९ जानेवारी, गुरुवार

चौथा दिवस. ३४० झाली. यादी मी केली होती, वर्तमानपत्री वाक्यांची. पा.ने पहिल्याच दिवशी ती बाजूला ठेवली. "हे मी आयुष्यात कधी बोलणार?" मग त्याची स्वतःची यादी. सिसिल, माझा चष्मा बघितलास? केळीला पाणी सोडलं का? दोन्ही नातींची नावं, रागावून आणि लाडाने, वेगवेगळी. घरच्या बोलीतली शंभरेक, ती मला अर्धी कळतात. संध्याकाळची प्रार्थना पूर्ण.

खोकला येतो, मधेच हसतो, ओळ सोडतो. मी थांबू देत नाही. पुढचं. पुन्हा. स्पष्ट. त्याची बायको सिसिलिया दारातून म्हणाली, "ताई, जरा पानी पिऊ द्या त्याला." दिलं. पाच मिनिटं गेली.

पा. म्हणाला, "एकदा ऐकव तरी, कसं येतंय." मी म्हटलं, ऐकत बसलो तर दोनशे कमी होतील. ऐकायला नंतर आयुष्य पडलंय.

१३ जानेवारी, सोमवार

संपलं. एकूण ६१२. शेवटची बारा आज सकाळी. आवाज जवळजवळ नव्हताच.

दुपारी घरी बसून छोटा प्रोग्राम लिहिला, वाक्यांमधल्या शांत जागा कापणारा. हाताने करायचं तर महिना गेला असता. शांतता कशाला म्हणायचं ती पातळी ठरवली, एका फाइलवर चालवून पाहिला, ठीक. मग सगळ्यांवर. फाइलींचा आकार पाव झाला. समाधान वाटलं.

त्याच नावांनी, त्याच फोल्डरमध्ये. क्लाऊडवर, शि.च्या मशीनवर, माझ्या मशीनवर. तिन्हीकडे ६१२, नावं जुळली, आकार जुळले. ऑफिसात नियम होता, गोळाबेरीज जुळल्याशिवाय कागद पुढे जात नाही. जुळली. रेकॉर्डरचं कार्ड पुसून शि.साठी तयार ठेवलं.

१५ जानेवारी, बुधवार

काल झालं. सहा तास. आज काचेतून पाहिलं. गळ्याला भोक, नळी. मला बघून हात वर केला, लिहायची खूण. नर्सने कागद दिला. "मास्तरीणबाई, आता वर्गात शांतता."

मी हसले नाही. हसायला हवं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

पा. घरी. गळ्यावर पातळ रुमाल, सिसिलियाने शिवलेला. डॉक्टरांनी गळ्याला टेकवायचं यंत्र दिलंय. बटण दाबलं की ओठांच्या हालचालीवर घरघरता, सपाट आवाज येतो. धाकटी नात ऐकून आत पळाली आणि आजोबांजवळ जाईना. तेव्हापासून यंत्र कपाटात. आता पाटी-पेन्सिल.

शि. त्याच्यासाठी नवीन टॅब्लेट आणणार आहे. पुढच्या आठवड्यात बाहेरगावी आहे, आल्यावर लगेच प्रोग्रामला बसतो म्हणाला. पा.ने पाटीवर लिहिलं, "माझी काही घाई नाही. बायकोची आहे." सिसिलिया म्हणाली, "नुसतं बघत बसतो माझ्याकडे. शिव्या दे म्हटलं, तर लिहून दाखवतो. लिहिलेली शिवी काय शिवी असते?"

१६ फेब्रुवारी, रविवार

आचोळ्याला शि.च्या घरी. तो फाइली प्रोग्रामला द्यायला बसला. पहिली लावली.

"पुढचं." माझा आवाज.

दुसरी. कुकरची शिट्टी. "पुन्हा, स्पष्ट." माझा आवाज.

चाळीस लावल्या. मी, कावळा, मी, स्कूटर, मी. पा.चं कुठे एखादं अक्षर, शब्दाचं शेपूट. शि. माझ्याकडे बघेना. स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मॅडम, मूळ फाइली कुठे आहेत?"

मूळ फाइली याच. त्यांच्यावरच लिहिलं मी. क्लाऊड जुन्या प्रती ठेवतो, तीस दिवस. आज चौतिसावा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळपासून प्रोग्राम वाचते आहे. बारा ओळी आहेत. चूक एकही नाही. सांगितलं तेच त्याने केलं.

पातळी ज्या एका फाइलवर पारखली तिच्यात सुरुवातीला मीच बोलत होते, क्रमांक सांगत होते. माझा आवाज शाबूत राहिला, मी पुढे ऐकलं नाही. पा.चं फुसफुसणं त्या पातळीच्या खाली होतं. प्रोग्रामच्या लेखी ती शांतता. कापली.

कार्डावरून काही निघतं का पाहिलं. शि.ने त्यावर बहिणीच्या घरचं लग्न रेकॉर्ड केलंय. पूर्ण भरलंय.

तीन प्रती. तिन्ही एकसारख्या. मीच जुळवून घेतल्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शि.चा फोन. म्हणाला, "मी सांगितलं त्यांना. क्लाऊडमध्ये घोळ झाला, बऱ्याच फाइली खराब झाल्या असं. तुम्ही काही बोलू नका, मॅडम. या वयात कशाला?" कोणाच्या वयात, ते विचारलं नाही.

पा.ने त्याला मेसेज केला म्हणे, "सांगितलं होतं ना, चाळीस वर्षांनी कुठे असेल. चाळीस दिवस पण नाही टिकला." दुःखात सुद्धा वाद जिंकल्याचा आनंद.

मी गप्प राहिले. हेही लिहून ठेवते.

२३ फेब्रुवारी, रविवार

उमेळ्याला. सिसिलियाने चहा दिला, बोलली नाही. सगळ्यांशीच तशी आहे हल्ली.

पा.ने माळ्यावरून पत्र्याची पेटी काढायला लावली. त्याच्या त्या जुन्या मशीनचे प्रोग्राम साध्या कॅसेटवर असतात, किंचाळणाऱ्या आवाजाच्या रूपात. कुठला प्रोग्राम कुठे ते सापडावं म्हणून तो प्रत्येकाच्या आधी तोंडाने नाव बोलून ठेवायचा. तेवीस वर्षांचा होता. सतरा कॅसेट. पाच बुरशीने गेलेल्या. बाकीच्या लावल्या.

"आठ नंबर. साप-शिडी. आवाज पाचवर ठेवणे." मग किंचाळी. "नऊ नंबर. गुणाकार. चालत नाही."

खणखणीत आवाज. मी त्याला हा आवाज असताना ओळखत नव्हते. एकूण चार मिनिटं भरेल. शि. म्हणाला, "पुरेल. आजकाल एवढ्यात होतं." पा. पेटीवर हात ठेवून बसला होता.

२ मार्च, रविवार

शि.ने करून आणलं. टॅब्लेट ओसरीवर ठेवला. पा.ने टाइप केलं.

"सिसिल, माझा चष्मा बघितलास?"

सिसिलिया आतून आली, पदराला हात पुसत. "कोण आलंय?"

पा.ने पुन्हा बटण दाबलं. तिला कळलं. टॅब्लेटकडे बघत राहिली. "हा कोण पोरगा? पस्तीस वर्षं ज्याच्याशी भांडले तो हा नाय." पा.ने भराभरा टाइप केलं, जुना फोटो बघ असं काहीतरी, लग्नाआधी मी असाच बोलायचो. तो पोरगा आपला एकसुरी बोलत राहिला. ती आत गेली आणि नळ मोठा सोडला.

पा. मात्र खूश. तासभर खेळत बसला. नातींना हाका मारल्या. धाकटी या आवाजाला घाबरली नाही, पण "आजोबा कुठायत?" असं विचारत होती. आजोबा समोर बसले होते.

निघताना सिसिलियाने दारात थांबवलं. "ताई, त्या क्लाऊडवाल्यांना पत्र लिहिता येतं का? कोणाला तरी विचारायला पाहिजे ना, आमचं काय केलं ते."

विचार करते म्हटलं.

६ मार्च, गुरुवार

काल राखेचा बुधवार, त्यांचा उपवासाचा दिवस, म्हणून गेले नाही. आज गेले. शि.ला कळवलं नाही.

दोघांना ओसरीवर बसवून सांगितलं. क्लाऊडचा दोष नाही. मी प्रोग्राम लिहिला, त्याने पास्कलचा आवाज शांतता म्हणून कापला. मूळ प्रत मी ठेवली नाही. ऐकून पाहिलं नाही. अठरा दिवसांपासून मला माहीत आहे.

पा.ने गळ्यावरचा रुमाल सारखा केला. मग पाटी घेतली. लिहिलं, "पातळी किती ठेवलीस?"

उणे तीस डेसिबल, मी म्हटलं.

पुसून लिहिलं, "उणे पन्नास हवी होती."

पाटी खाली ठेवली आणि उठून वाडीत गेला. केळीला पाणी सोडल्याचा आवाज आला.

सिसिलिया म्हणाली, "त्याने विचारलेलं ना तुम्हाला? एकदा ऐकव म्हणून?"

"हो."

"मी स्वयंपाकघरात होते. ऐकलंय मी." तिने पाटी उचलून पदराने पुसली. "तुम्ही जा आता."

८ मार्च, शनिवार

शि. रागावला. "कशाला सांगितलंत? क्लाऊडला काय फरक पडत होता?" त्याचं बरोबर आहे, क्लाऊडला फरक पडत नव्हता. उद्याची बैठक होईलसं वाटत नाही.

संध्याकाळी सिसिलियाचा फोन. "उद्या या. त्या फाइली घेऊन या. उरल्यात त्या. मला ऐकायच्यात."

मी म्हटलं, त्यात काही नाही, माझीच बडबड आहे.

"ते मी बघते."

९ मार्च, रविवार

ती मिसाहून आल्यावर बसलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा लॅपटॉप. हेडफोन तिने नको म्हटलं. सगळं मोठ्याने. माझा आवाज त्या खोलीत इतका कर्कश असतो हे मला माहीत नव्हतं. मी ओझं उचलायला लावते आहे कोणाला तरी, असा.

सोळाव्या फाइलीत तिने हात वर केला. "थांबवा. परत."

कुकर, मी, आणि मध्ये एक खोकला. मी तो कचरा म्हणून सोडून दिला होता.

"हा त्याचा," ती म्हणाली. "घास अडकल्यावर असाच. दुखण्याचा वेगळा." कॅलेंडरच्या मागे पेनाने १६ लिहिलं.

खोकला मोठा, म्हणून पातळीच्या वर. प्रोग्रामने ठेवला. पुढे ३१, ३८. ५२मध्ये खाकरणं आणि हसण्याची सुरुवात, तीही अर्धी कापलेली. ५२ तिने चार वेळा लावली. तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही.

एक वाजेपर्यंत दोनशे झाल्या. कॅलेंडरवर तेवीस आकडे. मी विचारलं, याचं काय करायचं? यातून शि.च्या प्रोग्रामला बोलता येणार नाही. ती म्हणाली, "बोलायला कोण सांगतंय?"

बाहेर ओसरीवर पा. टॅब्लेट घेऊन बसला होता. तेवीस वर्षांच्या आवाजात शेजाऱ्याला केळीचा भाव सांगत होता. शेजारी त्या आवाजाशी बोलताना टॅब्लेटकडे बघत होता, पा.कडे नाही. मी त्याच्यासमोरून गेले. त्याने टाइप करणं थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, बोट बटणावर तसंच ठेवलं. दाबलं नाही.

चारशे बारा राहिल्यात. सिसिलिया उद्या दहाला या म्हणालीय.