दाराशेजारची वीतभर भिंत

आई, तू विसरली असशील. विसरायला तुला मरावं लागलं नाही, जिवंतपणीच चुलीवर दूध ठेवून देवळात जायचीस. म्हणून आठवण करून देते. शेवटची वर्षं तू माझ्याकडे कुंभकोणमला होतीस. दर शुक्रवारी डोक्याला तीळतेल चोपडून स्वयंपाकघराच्या दाराशेजारी बसायचीस, भिंतीला डोकं टेकून. अक्षर तुला आलं नाही, मलाही नाही. मी सांगते, नात लिहिते.

लहानपणी पट्टीश्वरमच्या घरी नुकताच चुना दिलेल्या भिंतीला मी तेलकट डोकं टेकलं, तेव्हा तू पळीनं मारलं होतंस. "भिंत म्हणजे तुझी उशी काय गं?" पुढे इथे मी तुला तेच विचारलं, तर म्हणालीस, "मी म्हातारी. मला कोण मारतं?"

तू गेलीस, पण डाग राहिला. दर पोंगलला चुना देतो, दोन महिन्यांत तो त्याच जागी पुन्हा वर येतो. उद्या मात्र चुना नाही, पेंट आहे. सकाळपासून चारदा उठून ती भिंत बघून आले, कॉफी दोनदा गार झाली. मुलगा म्हणतो, गडद तांबडा देऊ, धूर दिसत नाही, हळदीचे हात दिसत नाहीत, आजीचा डागही एकदाचा झाकतो. नातीला साईच्या रंगाची भिंत हवी. "हलक्या रंगानं खोली मोठी दिसते, आजी." मी म्हटलं, "मोठी दिसते, म्हणजे झाडतानाही मोठीच लागणार." पण कौल तिलाच दिला. कारण सांगितलं डोळ्यांचं, गडद भिंतीत मला मोहरी कुठली नि जिरं कुठलं कळायचं नाही. सगळ्यांना पटलं.

मग काल पेंटर भिंत खरवडायला आला. डागावर हात फिरवून, मला तमिळमध्ये आजी अशी हाक मारत म्हणतो, "पाट्टी, काळजी सोडा. यावर आधी प्रायमरचा हात देतो. वरून कितीही हलका रंग द्या, हे तेल जन्मात वर येणार नाही." बिचारा आनंदानं सांगत होता. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

नात विचारते, हे पत्र पाठवायचं कुठे. कुठे पाठवतेस, तांदळाच्या डब्याखाली ठेव.

आणि आई, डोळ्यांचं खोटं होतं. शुक्रवारी घरात कोणी नसलं की मी तेल लावून तिथेच टेकते. माझं डोकं बरोब्बर तुझ्या डागावर येतं. त्यातलं तुझं तेल किती, माझं किती, आता मलाही सांगता येणार नाही. प्रायमर बसला, की पुढचा डाग नुसता माझा.

पुरे आता, बाळे, लेखणी ठेव. उद्या पेंटरकडे कॉफी पाठव, सोबत नारळाच्या चार पोळ्या, तूप हात राखून नको. मग सांग, दाराशेजारची वीतभर भिंत प्रायमरशिवाय रंगव, म्हातारीचा हट्ट आहे. पण पोळ्या आधी पाठव.