राणीस दोन वेळ पेढा

१८ नोव्हेंबर १९९६, सोमवार

पोचले एकदाची! विद्यापीठाच्या लायब्ररीचा दुर्मिळ कागदपत्रांचा विभाग दुरुस्तीमुळे पावणे गावच्या एमआयडीसीत हलवलाय – चक्क एका शेडमध्ये. डावीकडे नटबोल्टचा कारखाना, उजवीकडे मिरची कांडणारा. मधोमध दीडशे वर्षांची दप्तरं आणि मी. शिंकतेय!

ग्रंथपाल श्यामसुंदर सर. राखाडी सफारी, हसण्याची अजिबात सवय नाही. "पेन नाही, पेन्सिल. पाणी नाही. वाचनकक्षात बोलायचं नाही. शिंक आली तर बाहेर. या कागदांवर अजून कोणी शिंकलेलं नाही."

मग विचारलं, "रुमाल कोणता?" मी पर्समधला काढून दाखवला. फुलाफुलांचा. रुमाल म्हणजे लाल फडक्यात बांधलेली कागदांची गठडी!! जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

२० नोव्हेंबर

मोडी वाचवत नाही. शब्द तोडलेले नाहीत, ओळ म्हणजे एक लांबलचक गांडूळ. पंधरा दिवसांच्या क्लासवर एम.फिल. करायला निघालेय मी. दिवसभरात साडेचार ओळी. त्यातली अर्धी चूक असणार.

गाइड म्हणाले, "खाडीकाठची मिठागरं हा विषय जुना झाला. जानेवारीपर्यंत काही नवं आणा, नाहीतर रजिस्ट्रेशन विसरा." आई म्हणाली, "विसर. ठाण्याचं एक स्थळ आलंय."

२६ नोव्हेंबर

सापडलं!!!

रुमाल एकोणीस. खाडीकाठच्या एका गावची तक्रार, साल १८६४. जसं वाचलं तसं उतरवते – "राणी इणे शेजारचे शेत तुडविले." पुढे, "सरकारी शिपाई धरावयास गेला त्यास लाथ मारिली." पुढे वाळवीने खाल्लेलं भोक, मग – "वाड्यात अटकेत ठेविली."

राणी! पावण्याच्या अलीकडे, खाडीच्या काठी राणी होती, आणि कुठल्याच पुस्तकात तिचं नाव नाही! तिने स्वारी केली. शिपायाला लाथ मारली. इंग्रजांनी तिला वाड्यात नजरकैदेत ठेवलं!

आनंदात शिंक आली. धावत बाहेर गेले. बाहेर मिरची. आणखी सात आल्या.

२८ नोव्हेंबर

पुढचा कागद. "राणीस रोज दोन वेळ पेढा देत जावा." कैदेतसुद्धा दोन वेळ पेढे! केवढा मान! गाइडना पीसीओवरून फोन केला. ते उभे राहिले असावेत, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कुणाला बोलू नका," म्हणाले.

फक्त आईबाबांना सांगितलं.

१ डिसेंबर, रविवार

बाबांना सांगायला नको होतं.

सोसायटीची मीटिंग होती. विषय – लीकेज. आमची बिल्डिंग बांधणारे धर्मराजशेठ पहिल्यांदाच आले होते. सगळे त्यांना धारेवर धरणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "आमच्या वैदेहीने एक राणी शोधलीय." शेठनी गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. शेठ ताडकन उठले. "तो तर आमचाच गाव! म्हंजे रानी आमच्याच घरान्यातली!"

टाळ्या. लीकेज राहिलं बाजूला. सेक्रेटरींनी तर मला शेठच्या शेजारी बसवलं.

५ डिसेंबर

शेठच्या नव्या टॉवरचं नाव 'राणी रेसिडेन्सी' ठरलं. नाक्यावर अर्धपुतळा बसणार. बावीस तारखेला अनावरण, माझं भाषण, शाल-श्रीफळ. शेठनी विचारलं, "रानी दिसायला कशी व्हती?" मी म्हटलं, कागदात वर्णन नाही. "मंग तलवार देऊ," म्हणाले.

आईने ठाण्याच्या स्थळाला कळवलं – मुलगी सध्या बिझी आहे.

१३ डिसेंबर

श्यामसुंदर सर आज माझ्या टेबलाशी तीनदा येऊन उभे राहिले. तिन्ही वेळा तोंड उघडलं, भिंतीवरच्या 'शांतता राखा'कडे पाहिलं आणि परत गेले. विचित्र माणूस आहे.

१७ डिसेंबर, मंगळवार

लिहू की नको.

सर जेवायला गेले होते. शेड झाडायला पुतळाबाई येतात, इथल्याच गावच्या. मी भाषणाची तयारी म्हणून मोठ्याने वाचत होते. त्या झाडू टेकून ऐकत होत्या. पेढ्यापाशी आले तशा म्हणाल्या, "काय देत व्हते?"

"पेढा. दोन वेळ."

"पेढा कसा देतीन गो? पेंढा असल!"

मी हसले. मग हसणं थांबलं. मोडीत अनुस्वार बहुधा देतच नाहीत.

"आनि वाड्यात नाय," बाई म्हणाल्या, "कोंडवाड्यात! दुसऱ्याचे शेतान शिरली, शिपायाला लाथ मारली, कोंडवाड्यात घातली, पेंढा खाते. पोरी, म्हस हाय ती!"

'वाड्यात'च्या आधीचं ते भोक. वाळवीने नेमका 'कोंड' खाल्लाय.

पुतळाबाई झाडू सोडून जमिनीवर बसल्या आणि हसत राहिल्या. "आमचे म्हशीचा नाव बी रानीच व्हता!"

सर आल्यावर दाराबाहेरच गाठून विचारलं. म्हणाले, "पहिल्या दिवशीच वाचलं होतं मी ते."

"मग सांगितलं का नाही?"

"वाचनकक्षात बोलायला मनाई आहे."

१८ डिसेंबर

गाइड म्हणाले, "कार्यक्रम होऊ द्या. मोडी वाचणारं तिथे कोण येणार आहे?" वर माझाच दाखला दिला – म्हणे, तुम्ही तरी कुठे नीट वाचलंत?

शेठकडे गेले. ऑफिसात पुतळा ठेवलेला. मुकुट, नथ, तलवार. गाल धर्मराजशेठसारखे. सांगितलं. त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं.

"म्हस?"

"हो."

"नक्की?"

"हो."

"दोनशे पत्रिका वाटल्यान मी. बोलू नको कोनाला."

जेवले नाही. बाबा म्हणाले, "गप्प बसलीस तर कुणाचं काय बिघडतं?" बराच विचार केला. कुणाचंच नाही. पण तो पुतळा नाक्यावर राहणार, शाळेच्या सहली येणार, एखादी पोरगी वहीत लिहून घेणार. आणि खाली माझं नाव.

२२ डिसेंबर, रविवार

मांडव, बँड, चारशे माणसं. गाइड पहिल्या रांगेत. शाल खांद्यावर पडली, माइक हातात आला आणि लिहून नेलेलं सगळं विसरले. सरळ म्हटलं, "माफ करा. मी चुकीचं वाचलं. ती राणी नव्हती. म्हैस होती."

इतकी शांतता श्यामसुंदर सरांच्या शेडमध्येसुद्धा नसते.

मग मागून पुतळाबाईंचं हसू. मग त्यांच्या शेजारणीचं. मग बायकांची सगळी बाजू, मग बँडवाले! मला रडू येत होतं आणि हसूही. शाल तोंडात धरली.

धर्मराजशेठ उठले. मला वाटलं, शाल काढून घेणार. त्यांनी माइक घेतला. "म्हस तर म्हस! पन सरकारचे शिपायाला लाथ कोनी मारली? आमचेच गावचे म्हशीनी! हाय कोनाची हिंमत?" टाळ्यांनी मांडव हलला. पुतळ्यावरचं फडकं काढलंच नाही. बँडने लग्नातलं गाणं वाजवलं.

गाइड न जेवता गेले. जाताना म्हणाले, "विषय संपला. पंधरा जानेवारीपर्यंत दुसरा आणा. नाही जमलं तर लग्न करा."

बाबांनी गर्दीत शेठना गाठून लीकेजचं विचारलं. शेठना ऐकू आलं नाही.

२४ डिसेंबर

दिवसभर पांघरुणात. सोसायटीतली पोरं जिन्यात हंबरतात.

आईने ठाण्याला फोन लावला. त्यांच्यापर्यंत म्हैस पोचली होती.

२६ डिसेंबर

पेन्सिली परत आणायला शेडवर गेले. श्यामसुंदर सर मला हाताने खुणावून बाहेर घेऊन गेले, मिरचीच्या धुराळ्यात. तिथे बोलायला परवानगी आहे. "त्या म्हशीची मालकीण कोण, ते तुम्ही विचारलंच नाहीत," एवढंच म्हणाले आणि जोरात शिंकले.

आत टेबलावर रुमाल वीस सोडून ठेवला होता.

२७ डिसेंबर

सतरा अर्ज. सात वर्षं. अर्जदार एकच – राणी म्हशीची मालकीण, एक विधवा बाई; कचेरी चालत दीड दिवसावर. नाव प्रत्येक कागदावर वाळवीने खाल्लंय. लिहिता येत नव्हतं, म्हणून सहीच्या जागी निशाणी – बांगडीचं चित्र. शेवटचा अर्ज तीनदा वाचला, श्यामसुंदर सरांकडून तपासून घेतला, पुतळाबाईंना वाचून दाखवला. या वेळी त्या हसल्या नाहीत. अर्जात एवढंच – "माझी म्हैस द्यावी. देणे नसेल तर मलाही तिजपाशी कोंडावे."