चुगल्याच्या मिशा

आई, आज आत्या पुन्हा ते बोलली. आमटीत गुळाचा खडा टाकताना हसून म्हणाली, "तुझ्या आईला माझ्या हातची आमटी कधी नाय आवडली गं." तू जाऊन अकरा वर्षं झाली. मी खाली मान घालून कोथिंबीर चिरत राहिले.

आमटीचं ते सगळं झालं तेव्हा मी दुसरीत होते. तुझे वडील कुंभिवलीच्या कारखान्यात नोकरीला आले म्हणून तू मिथिलेहून इकडे आलीस, आणि बाबांशी लग्न करून पळसदरीची झालीस. पुढे तुझी आई, माझी नानी, गावी परतली. तुझी मैथिली मग फोनपुरती उरली. घरात ती मला एकटीलाच कळायची. शाळेच्या आधी तूच शिकवली होतीस. आत्या विचारायची, "काय बोलते गं तुझी आई एवढं?" मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटायचं. एकदा मी सांगून टाकलं, "आई म्हणते, आत्याला आमटीच येत नाही."

आत्याने पळी खाली ठेवली. "वहिनी, उद्यापासून तूच कर गं. आमी काय, शेतावरली माणसं!"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग आत्याला म्हणालीस, "चुकलं माझं."

त्यानंतर तू नानीशी हिंदीत बोलू लागलीस, सगळ्यांना कळेल असं. पलीकडून नानी विचारत राहायची, "की भेलौ गे?" काय झालं गं तुला? तू म्हणायचीस, "कुछ नहीं, माँ."

त्या कार्तिकात आपण बांधावरची माती आणून सामा-चकेवाची पाखरं केली. तुमच्याकडे मुली भावांसाठी ती करतात, आणि त्यांच्यासोबत एक चुगलाही, घरोघरी चहाड्या सांगणारा. गाणी म्हणत त्याच्या तागाच्या मिशा जाळायच्या. मी धास्तावून तुझ्या हातांकडे बघत होते. तू चुगला केलाच नाहीस. "माती संपली," म्हणालीस. घमेल्यात माती होती.

नानीला तू खरं काय म्हणाली होतीस, ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं. 'आता गुळाशिवाय डाळ मलाच बेचव लागते,' एवढंच. बाकीचं मी जोडलं, आत्याने ऐकत राहावं म्हणून. 'मी असं म्हटलंच नाही' इतकं एकदा म्हणाली असतीस तरी तू सुटली असतीस. पण मी सापडले असते.

हे सांगायला आत्ता मी आत्याकडे स्वयंपाकघरात गेले होते, आई. पाणी पिऊन परत आले.