चिंचेनं घासलेला तांब्या

गुरुवार, संध्याकाळ

चार दिवस खिडकीतल्या मंद उजेडात काळपट तांब्याचा फोटो जमवत होतो. आज आईनं तोच तांब्या चिंचेनं घासून लख्ख केला! "फोटूत असं काळं भांडं ठेवतेत व्हय?" मी लई बोललो तिला. एवढं बोलायची गरज होती? नव्हती. रागातच एक फोटो काढला. आत्ता बघतोय, तर तांब्याच्या पोटात आई दिसतीय. दारात उभी, पदर हनुवटीला. बाबा गेल्यापासून ती एकाही फोटोत आली नाय.

भीत भीत दाखवला. चष्मा लावून तिनं निरखला आणि हसली. हुश्श, तिचा राग गेला होता. म्हणाली, "बघ, तांब्या कसा निघालाय!"

स्वतःकडं लक्षच गेलं नाय तिचं. मीही सांगितलं नाय. सांगितलं तर 'काढून टाक' म्हणंल.