एसीचे पाच आवाज आणि एक सहावं पान

आदरणीय मेहुणेबुवा,

तुमच्या ताईच्या नवऱ्याचा नमस्कार. खरं तर तुम्ही माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तेव्हा आशीर्वादच द्यायला हवेत. पण आशीर्वाद घ्यायला माणूस समोर असावा लागतो, आणि गेल्या चार महिन्यांत तुम्ही आमच्या घराची पायरी चढला नाहीत. म्हणून नमस्कार, म्हणून ‘आदरणीय’ आणि म्हणूनच आज ‘तू’ऐवजी ‘तुम्ही’. पाठ कशी आहे? शिडीवर चढउतार करून ती धरते, असं ताई सांगत होती. दुकान जोरात असेलच, कारण हल्ली लोकांना घाम हा आजार वाटू लागला आहे. मुलांना पापा. माझी प्रकृती ठणठणीत आहे. या घरात आजारी असा एकच सदस्य आहे, आणि तो तुम्ही स्वतःच्या हाताने माझ्या अभ्यासिकेच्या भिंतीवर टांगून गेला आहात.

होय, मी त्या एसीबद्दलच लिहितो आहे. तुम्हाला ठाऊक आहे की येत्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात माझं व्याख्यान आहे. (ठाऊक नसेल तर कोपऱ्यावरच्या फलकावर पाहा, माझं नाव विषयापेक्षा लहान अक्षरात लिहिलं आहे, याबद्दल मी चिटणीसांशी वेगळं बोललो आहे.) गळ्याच्या दुखण्यामुळे दीड वर्ष मी व्यासपीठावर पाय ठेवला नव्हता. एवढ्या काळात लोक वक्त्याला विसरत नाहीत, पण त्याच्याशिवाय चालतं हे त्यांच्या लक्षात येतं, आणि ते जास्त वाईट. चिटणीसांनी तर फोनवर विचारलं, “झेपेल ना नक्की? नाहीतर बासरीवादन ठेवतो.” तेव्हा हे व्याख्यान पडलं तर पुढच्या वर्षीपासून माझ्या जागी बासरी. विषय आहे, ‘ऐकण्याची कला’. आणि हा विषय मी ज्या खोलीत बसून लिहितो आहे, त्या खोलीत तुमच्या यंत्रामुळे मला स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नाही!

मी चाळीस वर्षं सभा गाजवल्या. हुल्लडबाजांना एका वाक्यात खाली बसवलं. पण या पांढऱ्या पेटीपुढे मी हात टेकले. तिचे आवाज पाच. पहिला, टक्. सुरू होताना एकदा आणि बंद होताना एकदा, जणू अध्यक्षांनी टेबलावर पेन आपटावं. दुसरा, सूंऽऽ, हा सापाचा. पण साप निदान चावून मोकळा होतो. तिसरा, गुळगुळ, ऐन वाक्याच्या मध्यावर पोटात गॅस झालेल्या श्रोत्यासारखा. चौथा, खडखड, हा बाहेरच्या सज्ज्यातल्या पेटीचा. आणि पाचवा, गेल्या आठवड्यात नव्याने रुजू झालेला, फडफड. फर्रर्र, फडफड, फर्रर्र! आत कुणीतरी कोंडलं आहे आणि सुटकेसाठी धडपडतं आहे, असा.

मी विचारी माणूस आहे, लगेच आरडाओरडा केला नाही. आधी माहितीपुस्तिका वाचली. आयुष्यात मी पुष्कळ वाईट गद्य वाचलं आहे, सरकारी अहवाल वाचले आहेत, स्वतःच्या सत्काराची मानपत्रं वाचली आहेत; पण इतकं निगरगट्ट गद्य पाहिलं नव्हतं. शेवटच्या पानावर आवाजांचा तक्ता आहे. टक् येतो? थंडगरम होताना प्लास्टिक आकसतं नि फुगतं, काळजीचं कारण नाही. सूं येतो? नळीतून वायू वाहतो आहे, काळजीचं कारण नाही. गुळगुळ? पाण्याचा निचरा होतो आहे, काळजीचं कारण नाही. अहो, ज्या यंत्राला एवढ्या तऱ्हांनी कण्हता येतं आणि तरीही काळजीचं कारण नाही, ते यंत्र आहे की आमची नगरपालिका? फडफड मात्र तक्त्यात नाही. म्हणजे ज्या एका आवाजाची काळजी करायची, तोच लिहायचा राहिला!

मग कंपनीच्या केंद्राला फोन लावला. तिथल्या बाईंनी विचारलं, “आवाज नेमका कसा येतो, सर?” मी वर्णन केलं. मी वर्णन करतो तेव्हा लोक डोळे मिटून ऐकतात. बाई म्हणाल्या, “वर्णन नको सर, आवाज सांगा. करून दाखवलात तरी चालेल.” ज्या गळ्यावर डॉक्टरांनी अजून जपून बोला असं बंधन घातलं आहे, त्या गळ्याने मी फोनवर पाचही आवाज काढले. फडफडीला तर मी ओठ आणि गाल दोन्ही लावले. मग बाई म्हणाल्या, “शेवटचा परत एकदा कराल का, सर? आमच्या साहेबांना ऐकवते.” मी परत केला. साहेबांनी ऐकला. मागे आणखी दोनतीन जणांनी ऐकला, हे त्यांच्या खोकल्यावरून कळलं. (हसू दाबणाऱ्या माणसाचा खोकला मला सभागृहाच्या शेवटच्या रांगेतूनही ओळखता येतो.) आणि एवढं करून बाईंनी तक्रार कोणत्या रकान्यात नोंदवली? ‘इतर’! तुमची ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, “चाळीस वर्षांत एवढं मन लावून तुमचं कुणी ऐकलं नसेल हो.” तिच्या बोलण्याकडे मी कानाडोळा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचा कारागीर आला. आणि काय सांगू मेहुणेबुवा, त्याने दारात बूट काढले त्या क्षणी यंत्र गप्प. टक् नाही, सूं नाही, फडफडीचा तर मागमूस नाही. इतकं दांभिक यंत्र! पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं बसायचं आणि ते गेले की घर डोक्यावर घ्यायचं, हे मी एरवी फक्त तुमच्या धाकट्यात पाहिलं आहे. कारागिराने बाहेरच्या पेटीचा एक सैल स्क्रू आवळला, तेवढी खडखड गेली. मग आतल्या पेटीकडे बघून विचारलं, “काका, वर काही ठेवता का?” मी त्याला सांगितलं, की बाबा रे, प्रश्न वर काय ठेवतो हा नाही, प्रश्न माणसाने यंत्राला कुठे ठेवावं हा आहे, आणि त्या अनुषंगाने थोडं विवेचन केलं. फार नाही. पण त्याने हातातलं घड्याळ दोनदा पाहिलं, कागदावर माझी सही घेतली, ‘सगळं नॉर्मल’ असं लिहिलं आणि निघाला. नॉर्मल! हा शब्द ज्याने शोधला त्याला माझ्या खोलीत एक दुपार बसवा.

तो जिना उतरला नसेल, तोच फर्रर्र!

याच गोंधळात दुसरं संकट. व्याख्यानाची माझी पानं तुम्ही पाहिली आहेत. तळहातात मावतील असे पातळ कागद, एकूण सतरा, वर आकडे घातलेले. मी उभा राहून बोलतो, त्यामुळे मोठा कागद चालत नाही, श्रोत्यांना वाटतं वाचून दाखवतो आहे. तर त्यातलं सहावं पान नाहीसं झालं आहे. आणि सहावं पान म्हणजे या व्याख्यानाचा कणा. पाचव्या पानापर्यंत मी लोकांना झोडपतो, सातव्यापासून समजावतो. मध्ये सहावं नसेल तर नुसतंच झोडपणं उरतं, आणि ते लोक दीड वर्षापूर्वीच ऐकून बसले आहेत. मी ते आठवून तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा भाषण झालं. पहिल्यांदा लिहिलं होतं तेव्हा भाषण नव्हतं, साधं होतं.

ताईला विचारलं, तर ती म्हणाली, “तुमच्या कागदाला हात लावायची सोय आहे का मला? मी आवरते म्हणून तुम्ही ते कुठेकुठे दडवून ठेवता, मग मलाच विचारता.” अर्थातच दडवून ठेवतो. टेबलावर ठेवले तर ती चळत करते, चळत केली की क्रम जातो. म्हणून मी ते अशा जागी ठेवतो, जिथे तिचा हात पोचत नाही. माझ्या उंचीचा आयुष्यात झालेला तेवढाच एक उपयोग.

असो. हे पत्र लिहिताना माझ्या मनात तुमच्याबद्दल कोणताही राग नाही, हे नमूद करतो. चार महिन्यांपूर्वी एसी बसवून झाल्यावर तुम्ही स्क्रूड्रायव्हर हातात धरून म्हणालात, “भाऊजी, दोनच गोष्टी नीट ऐका...” आणि मी यंत्रसंस्कृतीवर दोन शब्द बोललो. ते दोन शब्द चाळीस मिनिटं चालले, असं ताईचं म्हणणं आहे. बायका घड्याळ लावून ऐकतात. त्यात दुरुस्ती करणाऱ्यांबद्दल मी जे काही म्हणालो, ते सैद्धांतिक पातळीवर होतं. तुम्ही चहा तसाच टाकून, हत्यारांची पिशवी उचलून गेलात. सिद्धांत इतका मनाला लावून घेऊ नये.

कळावे. उत्तराची अपेक्षा नाही.

तुमचे,
भाऊजी

ता. क. : तुम्ही या बाजूला सहज आलात, तर सहजच वर या. पिशवी बरोबर असली तर हरकत नाही. लांब चिमटा असेल तर तोही असू द्या.

ता. क. २ : ‘कळावे’ लिहून झाल्यावर, म्हणजे चिमटा मागण्याआधी, मी स्टुलावर चढलो. बॅटरीच्या उजेडात पेटीच्या वरच्या फटीतून आत पाहिलं. आत काहीतरी फिरत्या पात्याला थडकत होतं आणि त्यावर निळ्या शाईतला सहाचा आकडा होता. माझं अक्षर मी कुठेही ओळखतो. सतरा पानं मी त्या पेटीच्या डोक्यावरच ठेवत होतो, हे तुमच्या आतापर्यंत लक्षात आलं असेलच; वरचं पान सहावं होतं, कारण त्याच्यावर मी रोज हात फिरवत होतो. आतल्या दोन जाळ्या असत्या तर ते त्यांच्यावरच अडकलं असतं. पण सूं आवाज त्या जाळ्यांचा आहे, असा माझा सिद्धांत होता, त्यामुळे पंधरा दिवसांपूर्वी मी त्या काढून माळ्यावर टाकल्या. सूं अजून येतोच. यंत्र बंद करून ठेवलं आहे. खोलीत भयंकर उकडतं आहे, आणि ते मला आवडत नाही, हे ताईला सांगायचं नाही. फडफडीबद्दलही तिला काहीच सांगायचं नाही.

ता. क. ३ : पान काढताना वाचू नका. त्यात एका दुकानदाराची गोष्ट आहे. त्याच्याकडे एक म्हातारी बंद पडलेला फ्रिज घेऊन आली होती. इतर कारागीर तिला नवा घ्या म्हणत होते. याने तिला स्टुलावर बसवलं, फ्रिजला कान लावला आणि पूर्ण पाच मिनिटं एक शब्दही बोलला नाही. मग म्हणाला, “आजी, हा अजून बरा होतो.” मी त्या दिवशी त्याच दुकानाच्या कोपऱ्यात बसून माझ्या पुढच्या सभेचं भाषण पाठ करत होतो, आणि पहिल्यांदाच पुढचं वाक्य विसरलो होतो. ही गोष्ट मला त्या पानावर जशी लिहिता आली, तशी पुन्हा जमत नाही. वाचलंस तरी चालेल म्हणा.

ता. क. ४ : त्या दोन गोष्टींपैकी एक मला कळली, वर काही ठेवायचं नाही. दुसरी राहिली. शनिवारच्या आत येऊन सांग. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. चहा तेवढा संपवून जा. तो संपेपर्यंत प्रास्ताविक म्हणून दोनच मिनिटं घेईन.