धक्क्यावर अडकवून ठेवलेली लग्नाची गाय शनिवारच्या आत सोडण्याबाबत

प्रति,
मा. धक्का अधिकारी साहेब,
फेरी कचेरी, न्याबुगेरा धक्का,
उकेरेवे बेट.

अर्जदार : न्यांजिगे मकाका, नवऱ्यामुलाची आजी.

विषय : फेरीतून पाण्यात पडलेली तांबडी गाय परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कचेरीच्या दारावर चिकटवलेली नोटीस.

महोदय,

अर्ज मी माझ्या हातानं लिहिते आहे. अर्ज लिहून देणाऱ्या पोराकडं मुद्दाम गेले नाही. त्याचं कारण शेवटी येईल.

१. माझा नातू मसातू याचं लग्न शनिवारी आहे. त्याआधी गाय मुलीच्या अंगणात गेली पाहिजे. नाही गेली तर मुलीचे मामा लग्न पुढच्या सुगीवर ढकलणार, आणि ते मामा असलं काही घडायची वाटच बघत बसलेत. गाय ट्रकात घातली तर पाय मोडेल म्हणून आम्ही तिला मुख्य भूमीवरनं पायी आणली. वाटेत जिथं जिथं मुक्काम केला तिथं लोक म्हणाले, अशी गाय आम्ही पाहिली नाही. त्यातले निम्मे जेवण झाल्यावर म्हणाले, ते मी मोजत नाही.

२. फेरीवर आधी बस चढली, मग कोळशाचा ट्रक, मग मोटरसायकली, कोंबड्या, सुक्या मासळीची घमेली आणि सगळ्यांत शेवटी आम्ही. गाय धरून मसातू पुढच्या फळीपाशी उभा राहिला. सरोवराच्या मध्यावर आलो आणि वारा सुटला. तेवढ्यात बसच्या आडून डोक्यावर गाठोडं घेऊन कोण यावं? नवरीची, म्हणजे न्यामिसीची आई, म्हणजे त्याची होणारी सासू. ती लग्नाचे कांगे, अंगाडोक्यावरनं घ्यायची छापील कापडं, घ्यायला बाजारात गेली होती.

३. आपणास ठाऊकच आहे, गाय अंगणात जाईपर्यंत सासूजावयानं एकमेकांचं तोंड बघायचं नाही की नाव घ्यायचं नाही. रस्त्यावर समोर आले तर जावई शेतात उतरतो. फेरीवर शेत कुठलं? मसातूनं दोर सोडला आणि ट्रकामागं जाऊन बसला. गाय त्याला शोधत निघाली, बस आणि ट्रकाच्या फटीत अडकली, आणि शिंगानं एक मोटरसायकल आडवी केली. "धरा, धरा" करत सगळी माणसं उजव्या बाजूला धावली. साहेब, तेव्हा फेरी कलली. पाणी माझ्या घोट्यापर्यंत आलं. ट्रकाच्या चाकाखालचं लाकूड सरकायला लागलं.

४. फेरी हाकणारा नाहोधा वरून ओरडला, "अर्धे डावीकडं या, नाहीतर सगळे खाली जाल." लोक आले. मसातू आला नाही, कारण डावीकडं सासू बसली होती. मासळीवाली म्हणाली, "अरे जावईबापू, बुडाल्यावर ही लाज कुठं वाळत घालशील?" तो म्हणाला, "मावशी, तिला तोंड फिरवायला सांगा, मग येतो." न्यामिसीच्या आईनं तोंडावर कांगा ओढून घेतला. पण तोवर गायीनं फटीतनं अंग सोडवलं, कठड्यावर पाय दिले आणि पाण्यात उडी घेतली. मागोमाग मसातूनं घेतली.

५. फेरी सरळ झाली. मसातू दिसेना. लाट येत होती, जात होती, गायीचं डोकं दिसत होतं, त्याचं नाही. ट्रकवाल्यानं टोपी काढून हातात घेतली. मी देवाला काय कबूल केलं ते आता आठवत नाही, पण पुष्कळ होतं. एवढ्यात माझ्या शेजारनं हाक आली, "मसातू." अशी हाक की बसमधल्या कोंबड्या गप्प झाल्या. आणि गायीच्या मागं डोकं वर आलं. शेपूट हातात होतं. गायीनं त्याला ओढत धक्क्यावर आणलं, फेरीच्याही आधी. वाटेत एक मगर तिला बघून बाजूला झाली. ते लाकूड होतं असं नाहोधा म्हणतो. आमचं त्यावर एकमत नाही.

६. आता आपली अडचण. आपली माणसं म्हणतात, पाण्यातनं निघालेलं जनावर साक्षीदाराच्या जबानीशिवाय देता येत नाही. नाहोधानं सांगितलंय की कुणीतरी बाईनं हाक मारली. म्हणून ती कोण आणि काय म्हणाली, हे तिनं सही करून सांगावं. फेरीवरच्या सगळ्या बायकांना विचारून झालं. कुणी पुढं येत नाही. गाय आपल्या आवारात बांधलेली आहे आणि आपल्या कचेरीची मिरचीची रोपं खाते आहे.

७. हे तुम्हा एकट्याला सांगते. ती हाक न्यामिसीच्या आईची होती. सगळे पाण्याकडं बघत होते, मी तिच्याकडं बघत होते. कांगा तोंडावरनं पडला होता. तिनं जावयाचं नाव घेतलं हे कागदावर आलं तर तिचे भाऊ गाय परत पाठवतील आणि तिला आयुष्यभर ऐकवतील. काल विहिरीवर भेटली, माझा हंडा उचलून दिला आणि माझ्याकडं न बघता निघून गेली. साहेब, तुम्हीही कुणाचे तरी जावई आहात. तुम्ही बुडताना तुमच्या सासूनं कांगा धरून बसावं असं तुम्हाला वाटेल का?

८. सबब विनंती अशी की, हाक अर्जदारानं, म्हणजे मी मारली, असं लिहून घ्यावं. सही मी करते. आजीनं नातवाचं नाव घ्यायला कुठंच बंदी नाही. माझ्यावर खोटं बोलण्याचा संशय घेऊ नये, गावात तो आधीच आहे आणि त्यानं माझं काही वाईट झालेलं नाही. म्हातारीचा आवाज एवढा मोठा कसा, असं मामांपैकी कुणी विचारलं, तर मला बोलवावं. मी आपल्या धक्क्यावर उभी राहून, पलीकडच्या काठावरची माणसं वळून बघतील अशी हाक मारून दाखवीन. आणि हा कागद वाचून झाल्यावर गायीला खायला घालावा.

शनिवारच्या जेवणाला आपण यावंच. आपल्या उत्तराची आवाराबाहेर, गायीला दिसेन अशा जागी बसून वाट बघणारी,

न्यांजिगे मकाका
(अंगठा नाही, सही आहे)

गुरुवार, सकाळ.

सोबत : दोराचा उरलेला तुकडा, गाय माझीच आहे हे पटावं म्हणून.